मिशनच्या शाळेत नवीन पालक आहात? फेब्रुवारी ते मे कसं निभवायचं ते बघा

दरवर्षी गॅदरिंग संपलं की आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच तेच प्रश्न चालू होतात. राखेचा बुधवार म्हणजे काय, मुलाच्या कपाळाला राख लावणार का, गुड फ्रायडेला शाळा आहे का, ईस्टरला अंडं आणायला सांगितलंय पण आम्ही जैन आहोत मग काय करायचं, परीक्षा नेमकी कधी. सांगली-मिरजेत मिशन काही कालपरवा आलेलं नाही, मिरजेचं मिशन हॉस्पिटलच १८९४ पासूनचं आहे, पण बदली होऊन आलेली किंवा घरातलं पहिलंच मूल अशा शाळेत घातलेली माणसं या तीन-चार महिन्यांत पार गोंधळून जातात. कारण इथं एकाच वेळी तीन कॅलेंडरं चालतात. एक चर्चचं, एक बोर्डाचं आणि एक आपलं भिंतीवरचं. तर मला जसं समजलंय तसं क्रमानं सांगते.

आधी आपली शाळा कुठली ते ओळखा

सिस्टर आणि फादर असतील, शाळेला एखाद्या संताचं नाव असेल, तर बहुतेक कॅथलिक. पास्टर किंवा पाळकसाहेब येत असतील आणि मराठी भजनं जास्त होत असतील तर बहुतेक प्रोटेस्टंट. आपल्या भागात अमेरिकन मिशनऱ्यांचं काम जुनं असल्यानं दुसऱ्या प्रकारचीही चर्चं आणि शाळा आहेत. हे माहीत पाहिजे कारण राख लावणं, शुक्रवारी मांस न खाणं, क्रुसाच्या वाटेची भक्ती (येशूच्या शेवटच्या प्रवासाची चित्रं बघत केलेली प्रार्थना) हे मुख्यतः कॅथलिकांकडं, आणि गुड फ्रायडेला दुपारी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं, ईस्टरला पहाटे गाणी म्हणत निघणं हे प्रोटेस्टंटांकडं जास्त दिसतं. त्यामुळं दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तेच आपल्या शाळेत असेल असं नाही.

दुसरं म्हणजे बोर्ड. स्टेट बोर्डाची शाळा एप्रिलच्या शेवटी संपते आणि १ मेला निकाल लागतो, सीबीएसई-आयसीएसईवाल्यांचं बहुतेक ठिकाणी मार्चमध्येच वर्ष संपतं आणि एप्रिलमध्ये नवीन वर्ग चालू होतो. म्हणजे एकाच सोसायटीतल्या दोन मुलांपैकी एकाची ईस्टरला परीक्षा चालू आणि दुसऱ्याचं नवीन दप्तर. मी पुढं लिहितेय ते स्टेट बोर्ड धरून, बाकीच्यांनी परीक्षेचा भाग आपापल्या हिशोबानं पुढंमागं करावा.

मग ईस्टरची तारीख शोधा, बाकी सगळं तिथून मोजायचं

ईस्टर म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला त्याचा सण. ख्रिसमस कसा २५ डिसेंबरला फिक्स, तसं ईस्टरचं नाही. २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळं तो २२ मार्च ते २५ एप्रिल यामध्ये कधीही येऊ शकतो. चर्चचा पौर्णिमेचा हिशोब स्वतःचा असतो, पंचांगापेक्षा कधी एखाद दिवस इकडंतिकडं होतो, पण आपल्याला समजायला सोपं असं की ती पौर्णिमा कधी होळीची असते तर कधी हनुमान जयंतीची. २०२४ ला होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच ३१ मार्चला ईस्टर होता. यंदा २०२६ ला होळी मार्चच्या सुरुवातीलाच येते, म्हणजे २१ मार्चच्या आधी, म्हणून ती मोजायची नाही, पुढची पौर्णिमा धरायची, ती हनुमान जयंतीची २ एप्रिलला, आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ ला परत होळीनंतर लगेच, २८ मार्च. माझ्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांचं पण तिथीवरच चालतं की. तर हो, तसंच आहे.

आता ईस्टरपासून मागं या. दोन दिवस आधी गुड फ्रायडे, त्याच्या आदल्या दिवशी आज्ञा गुरुवार, एक आठवडा आधी झावळ्यांचा रविवार, आणि ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. ईस्टरच्या आधीचा उपास चाळीस दिवसांचा म्हणतात आणि मोजले तर ४६ भरतात, कारण मधले रविवार उपासात धरत नाहीत. यंदाच्या तारखा अशा: राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २९ मार्च, गुड फ्रायडे ३ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल. फ्रीजवर लावून टाका. शाळेची डायरी मुलाच्या दप्तरात असते आणि दप्तरातलं काही वेळेवर सापडत नाही.

फेब्रुवारीचा तो एक आठवडा

यंदा गंमत बघा, १५ ला रविवारी महाशिवरात्र, १८ ला राखेचा बुधवार, १९ ला शिवजयंती, आणि रमजान पण त्याच आठवड्यात सुरू होतोय. एका वर्गात साबुदाणा खाऊन आलेलं पोर, कपाळावर राखेचा क्रूस असलेलं पोर आणि पुढच्या बाकावर रोजा धरायचा हट्ट करून बसलेलं पोर, सगळं चार-पाच दिवसांत. मिरजेच्या शाळांत तर हे अगदीच दिसणार.

राखेच्या बुधवारी कॅथलिक शाळेत प्रार्थना होते, ख्रिस्ती मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. आपल्या मुलांना लावायचाच असा काही नियम नसतो. लावून घ्यायचा नसेल तर मुलाला आधी सांगून ठेवा की रांगेत उभं राहायचं नाही, जागेवर बसलं तरी चालतं, आणि क्लास टीचरला डायरीत एक ओळ लिहा. काही पालकांना असं लिहायला फार अवघड वाटतं, उगाच टीचर काय म्हणतील वगैरे. काही म्हणत नाहीत. राज्यघटनेच्या कलम २८ मध्येच आहे की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि मूल लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शाळांना हे माहीत असतं. भांडायला जायची गरज नाही, नुसतं सांगायचं. आणि मुलाला आवडीनं लावून घ्यायचा असेल तर तेही घरातल्या घरात ठरवा, आजीला संध्याकाळी धक्का नको.

तसंच धर्मशिक्षणाचं. बहुतेक कॅथलिक शाळांत त्या तासाला ख्रिस्ती मुलं वेगळी बसतात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. त्याचं पुस्तक वेगळं, वही वेगळी, आणि शाळेनं परीक्षा ठेवली असेल तर अभ्यासही वेगळा. पुष्कळ जण त्या वहीकडं वर्षभर बघत नाहीत आणि मार्चमध्ये पूर्ण करायला बसतात.

लेंटच्या दिवसांत डबा आणि दानाचं पाकीट

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस म्हणजे लेंट, उपवासकाळ. मोठी माणसं काहीतरी सोडतात, कुणी मटण, कुणी चहा, कुणी सिरियल. कॅथलिकांमध्ये राखेचा बुधवार आणि लेंटचे शुक्रवार मांस वर्ज्य असतं, नियमानं ते १४ वर्षांपासून पुढं लागू, आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोन दिवस १८ ते ५९ वयाच्या लोकांना उपास असतो. म्हणजे लहान मुलांना खरं तर काहीच बंधन नाही. तरी काही शाळा सांगतात की शुक्रवारी नॉनव्हेज डबा नको, तर देऊ नका, विषय संपला. अंड्याबद्दल मात्र विचारून घ्या, कारण चर्चचा नियम मांसाचा आहे, अंड्याचा नाही, आणि प्रत्येक शाळेचं वेगळं असतं.

याच दिवसांत मुलं घरी एक पाकीट किंवा पुठ्ठ्याचा डबा घेऊन येतात. खाऊचे पैसे वाचवून त्यात टाकायचे आणि ईस्टरच्या आधी परत द्यायचे, ते पैसे गरजू लोकांसाठी जातात. यात माझं स्पष्ट मत आहे की आपण शेवटच्या दिवशी शंभराची नोट कोंबून पाकीट देऊ नये. पोरानं एक दिवस वडापाव न खाता दहा रुपये टाकले तर त्याला काहीतरी कळतं, आपण नोट टाकली तर फक्त पाकीट भरतं. आणि किती द्यायचे यावर सक्ती नसते, रिकामं परत दिलं तरी कुणी मोजत बसत नाही. शक्यतो चिल्लर टिकाऊ पाकिटात भरा, कागदी पाकीट फाटून सगळी नाणी दप्तराच्या तळाशी जातात.

मार्च

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, यंदा ६ तारखेला, जगभरच्या ख्रिस्ती बायका एकत्र प्रार्थना करतात, जागतिक प्रार्थना दिन. काही शाळा त्याला आयांना बोलावतात. ख्रिस्ती नसाल तरी चालतं, तासाभराचा कार्यक्रम, गाणी असतात, शेवटी चहा. नवीन असाल तर ओळखी व्हायला पालकसभेपेक्षा हे बरं, कारण पालकसभेत सगळे मार्कांवरच बोलतात.

सेंट जोसेफचं नाव असलेल्या शाळेत १९ मार्च हा शाळेचा सण असतो. यंदा त्याच दिवशी गुढीपाडवा आहे, त्यामुळं शाळेतला कार्यक्रम एखादा दिवस पुढंमागं होईल, नोटीस बघा. पाडव्याच्या पाठोपाठ ईद आहे, ती चंद्र दिसण्यावर.

दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तुमचं मूल दुसरीत असलं तरी त्याचा तुम्हाला त्रास होतो, कारण शाळा सेंटर असेल तर खालच्या वर्गांच्या वेळा बदलतात, गेटपाशी गाडी लावू देत नाहीत आणि रिक्षावाले काका वैतागतात. त्याच सुमाराला ऊन वाढलं की सकाळची शाळा चालू होते. सांगलीचं एप्रिलचं ऊन सांगायला नको, बारा वाजता विश्रामबाग चौकात उभं राहवत नाही. तर वेळ बदलली की पहिल्यांदा व्हॅनवाल्यांना फोन करा, मग बाकीचं. ते चार शाळांची मुलं घेतात आणि प्रत्येक शाळेची वेळ वेगळ्या दिवशी बदलते.

धाकट्याचं अॅडमिशन करायचं असेल तर तेही आत्ताच विचारा, पुष्कळ ठिकाणी फॉर्म याच्याही आधी निघून गेलेले असतात. नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. जन्मदाखला आणि आधार यातलं नावाचं स्पेलिंग एकसारखं करून घ्या, पुढं शाळेच्या सगळ्या ऑनलाइन नोंदी त्यावरच होतात. आणि एक, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून इथं नंबर लागेल म्हणून थांबू नका. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून मिशनच्या शाळांसारख्या अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना आरटीई कायदा लागू नाही, त्यामुळं त्या शाळा लॉटरीच्या यादीत नसतात. हे न कळल्यामुळं लोक लॉटरीची वाट बघत बसतात आणि इकडचीही सीट जाते.

पवित्र आठवडा, इथं जरा नीट वाचा

यंदाचा हा आठवडा सुट्ट्यांनी पार भोकं पडलेला आहे. २९ मार्च झावळ्यांचा रविवार, ३१ ला मंगळवारी महावीर जयंती, २ ला गुरुवारी हनुमान जयंती आणि आज्ञा गुरुवार एकाच दिवशी, ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. गुड फ्रायडेची सुट्टी सरकारी आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारची नाही, तरी पुष्कळ मिशनच्या शाळा तो सोमवार बंद ठेवतात, आणि गुरुवारी अर्धी शाळा किंवा पूर्ण सुट्टी हे शाळेवर. गावाला जायचं तिकीट काढायच्या आधी नोटीस हातात येऊ दे. मिरजेहून गाड्या भरपूर असल्या तरी या आठवड्यात सगळ्यांनाच आठवतं की सुट्ट्या लागून आल्यात.

झावळ्यांच्या रविवारी येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी फांद्या हलवून स्वागत केलं त्याची आठवण. शाळेत त्याच्या आधी किंवा नंतर छोटी मिरवणूक असते, मुलं झावळीची पाती दुमडून क्रूस करतात आणि घरी आणतात. तो वाळला म्हणून कचऱ्यात टाकू नका. देव्हाऱ्याजवळ नको असेल तर पुस्तकात ठेवा किंवा शाळेत परत द्या, कारण कॅथलिक चर्चमध्ये त्याच झावळ्या पुढच्या वर्षी जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. ही मला या सगळ्यातली सर्वात आवडलेली गोष्ट आहे.

आज्ञा गुरुवारी येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करतात, काही शाळांत प्रिन्सिपल किंवा फादर मुलांचे पाय धुतात. तुमच्या मुलाचं नाव त्यात आलं तर मोजे स्वच्छ द्या आणि नखं कापा, एवढंच. आपल्याकडं पाय धुणं म्हणजे मोठ्यांचे, त्यामुळं काही पोरं लाजून पाय मागं घेतात, आधी समजावून सांगा.

गुड फ्रायडे. हा सणाचा दिवस नाही, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस आहे. त्यामुळं टीचरना, सिस्टरना, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला हॅपी गुड फ्रायडे असा मेसेज पाठवू नका. आपल्या सगळ्या फॅमिली ग्रुपांवर दरवर्षी ती गुलाबाची फुलं आणि शुभेच्छा फिरतात आणि बघून कसंतरी होतं. काही पाठवायचं नसलं तरी चालतं, पाठवायचं तर आज तुमची आठवण आहे एवढं पुरे. शुभेच्छा रविवारी द्या, तेव्हा मोकळेपणानं हॅपी ईस्टर. प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्या दिवशी दुपारी १२ ते ३ उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो, मधेमधे गाणी. जायची इच्छा असेल तर कुणी अडवत नाही.

चर्चमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: साधे कपडे, फोन बंद, मागच्या बाकावर बसा म्हणजे पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. चपला काढायच्या की नाही ते दारात बघा, बाहेर चपला दिसल्या तर काढा, नाहीतर नको. मराठी चर्चमध्ये पुष्कळ बायका डोक्यावर पदर घेतात, तुम्ही ओढणी घेतली तर छानच. आणि भाकर-द्राक्षारस द्यायला लागतात तेव्हा रांगेत जाऊ नका, तो प्रसाद सगळ्यांनी घ्यायचा असं नसतं, बाप्तिस्मा झालेल्यांचं ते आहे. जागेवर शांत बसलं तर कुणाला वावगं वाटत नाही. मुलांना हे घरीच सांगा, नाहीतर ती आपल्या सवयीनं प्रसादाला हात पुढं करून पहिली उभी राहतात.

गाण्यांचं एक सांगते. मराठी चर्चमधली बरीच गाणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत, अभंगाच्या चालीची, त्यामुळं पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती परकी वाटत नाहीत. टिळक शेवटच्या वर्षांत आपल्या शेजारी साताऱ्यालाच होते, १९१७ मध्ये त्यांनी तिथं देवाचा दरबार सुरू केला. मुलाला असेंब्लीसाठी गाणं पाठ करायला दिलं असेल तर आजोबांकडं द्या, चाल ते पटकन पकडतात.

ईस्टरच्या अंड्यांचा प्रश्न. सांगलीत जैन आणि लिंगायत घरं भरपूर, त्यामुळं हा दरवर्षी येतो. शाळेनं रंगवायला अंडं आणा म्हटलं की घाबरून जाऊ नका, प्लास्टिकचं, लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचं अंडं चालतं का असं विचारा, बहुतेक टीचर हो म्हणतात. कागदाचा लगदा फुग्यावर लावून घरीच होतं, फक्त दोन दिवस वाळायला लागतात, म्हणून आदल्या रात्री आठवलं तर जमत नाही. बेकरीत मिळणारी गोड ईस्टर एग्ज काजू-बदाम-साखरेची असतात पण काहींत अंड्याचा पांढरा भाग घालतात, विचारून घ्या.

ईस्टर झाल्यावर

५ तारखेनंतर मुलं एकदम सैल पडतात आणि नेमकी तेव्हाच वार्षिक परीक्षा. पाचवी आणि आठवीवाल्यांनी हलकं घेऊ नका, आता त्या दोन वर्गांना नापास केलं जाऊ शकतं, पुन्हा एक संधी मिळते आणि त्यातही पास नाही झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. आठवीपर्यंतच्या बाकी वर्गांना तसं नाही. परीक्षेच्या आधी १४ एप्रिलची आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे की मधे येते ते टाइमटेबलमध्ये बघा, मुलं त्या सुट्टीच्या हिशोबानं अभ्यास पुढं ढकलतात.

लायब्ररीची पुस्तकं, फीचा शेवटचा हप्ता, प्रयोगशाळेचा अॅप्रन, हे सगळं एप्रिलच्या मध्यापर्यंत मोकळं करा. १ मेला झेंडावंदन आणि निकाल एकदम असतो, त्या दिवशी ऑफिससमोरची रांग गेटपर्यंत येते आणि बाकी राहिलेल्यांना निकाल लगेच मिळत नाही. बदलीवाल्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागायचा अर्ज निकालाच्या आधीच देऊन ठेवा. मेमध्ये सिस्टर रिट्रीटला, म्हणजे काही दिवसांच्या प्रार्थना-मननाला, जातात, ऑफिस अर्धा दिवस चालतं, आणि दाखल्यावर सही करणारं माणूस जागेवर नसलं की जून उजाडतो.

मेमध्ये चर्चकडून सुट्टीतली बायबल शाळा असते, व्हीबीएस म्हणतात. आठ-दहा दिवस सकाळी, गाणी, गोष्टी, कागदकाम, खाऊ. ती शाळेची नाही, चर्चची असते, पूर्णपणे ऐच्छिक, आणि बायबलच्या गोष्टी त्यात असणारच, ते नको असेल तर पोहायला घाला. पाठवायचं असेल तर नाव लवकर द्या.

आणि व्हॅनवाले काका मे महिन्याचे पैसे घेतात की नाही हे एप्रिलमध्येच बोलून घ्या. काही जण पूर्ण घेतात, काही अर्धे, काही दहाच महिन्यांचे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर गेटसमोर उभं राहून हा विषय काढला की दोघांचाही आवाज चढतो आणि पोरगं व्हॅनमधून बघत असतं.